कागदाची गोष्ट : ‘सावकारी पाश’, ‘कुंकू’ आणि नगरचा कर्जदार कुणबी

मोहट्याच्या देवीचा नवरात्रोत्सव आटोपला, दिवाळी झाली, की पाथर्डी तालुक्यातील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरे आणि पत्र्याच्या पेट्या ट्रॅक्टर-ट्रकवर चढतात आणि टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एकच नाव असते : ‘कोयता’. निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती ऊस तोडून फेडायची. हंगामात फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते.

कर्ज, त्याचा कागद आणि त्यापायी सुटलेले गाव ही गोष्ट या पठाराला नवी नाही. आज पाथर्डीचे कोयते ज्या कोल्हापुरात उतरतात, त्याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी ती एका मराठी कादंबरीकाराने लिहिली आणि एका चित्रकाराने पडद्यावर आणली. चित्रपटाचे नाव ‘सावकारी पाश’. त्या लेखकाची, त्याच्या पडद्यावर गेलेल्या कथांची आणि त्या कथांमागच्या नगर-पुण्याच्या इतिहासाची ही हकीकत. (थ्रेड)

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. मराठी चित्रपटाच्या प्रारंभकाळात दोन आपटे भेटतात आणि त्यांची नावे उलटसुलट असल्याने भल्याभल्यांची गफलत होते. हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) हे ‘पण लक्षात कोण घेतो’चे कर्ते. नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) हे त्यांच्या पुढच्या पिढीतील, सातारा जिल्ह्यातील कोरेगावी स्थायिक झालेले लोकप्रिय कादंबरीकार. ‘सावकारी पाश’ची कथा या दुसऱ्या आपट्यांची. पहिल्या आपट्यांच्या नावावर ती अनेकदा चढवली जाते. पण कोल्हापूरच्या कंपनीचा पहिला चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच हरिभाऊ निवर्तले होते.

हरिभाऊंची कादंबरी पडद्यावर गेली, ती त्यांच्या पश्चात. ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यांची कादंबरी. तिच्यावरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीची दृश्ये चित्रित करण्यासाठी त्यात कृत्रिम प्रकाश वापरला गेला आणि शेलारमामाच्या भूमिकेत शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण उभा राहिला. पुढे ‘प्रभात’ स्थापन झाल्यावर त्याच तरुणाने, म्हणजे व्ही. शांताराम यांनी, १९३३ साली त्याच कथेवर बोलपट केला. मराठी कादंबरीचा पडद्याशी संबंध जुळला तो असा, इतिहासाच्या आणि पराक्रमाच्या वाटेने. गड, दोर, मशाली, तलवारी : हे सारे शब्दावाचूनही दिसते. मूकपटाला असेच कथानक सोयीचे.

मग दोनच वर्षांनी याच पेंटरांनी तलवारीऐवजी कर्जाचा कागद कॅमेऱ्यासमोर का धरला?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), हे मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार आणि हाताने यंत्रे घडवणारे कारागीर. बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव अकाली गेले आणि काम बाबूरावांनी पुरे केले. १९१८ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ (१९२०) हा कीचकवधाच्या कथेचा, म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ज्या नाटकावर सरकारने बंदी घातली होती त्याच कथेचा होता. पुराण आणि शिवकाल यांवर कंपनी चालली. वर्तमानकाळातील शेतकरी नायक म्हणून घेणे हा त्या बाजारात धोक्याचा सौदा होता.

‘सावकारी पाश’ १९२५ साली आला. एक तरुण शेतकरी आहे. त्याला लिहिता-वाचता येत नाही. सावकार खोटा कागद करून त्याची जमीन गिळतो. शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाले होते शांताराम. सावकार झाले होते झुंजारराव पवार. भारतीय चित्रपटाच्या इतिहासकारांनी या मूकपटाला वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानले आहे. प्रेक्षकांनी मात्र त्याचे फारसे स्वागत केले नाही. पेंटर पुन्हा पौराणिक कथांकडे वळले.

या चित्रपटाच्या बाबतीत एक विपर्यास सहज ध्यानात येतो. मूकपटात संवादांच्या जागी लिखित पाट्या येत. त्या काळी बहुसंख्य प्रेक्षक निरक्षर असल्याने थिएटरात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे ज्याला कागद वाचता येत नाही म्हणून ज्याचे घर बुडते, अशा माणसाची गोष्ट पाहायला आलेल्या प्रेक्षकालाही समोरची अक्षरे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती. पडद्यावरच्या शेतकऱ्याचे खत लिहिणारा आणि थिएटरातल्या प्रेक्षकाला पाटी वाचून दाखवणारा हे दोघे त्या क्षणी एकाच जागी बसलेले होते. फरक हेतूचा, आणि तोही समोरच्याने विश्वासावर घ्यायचा.

आता आपट्यांच्या कथेच्या मागे पन्नास वर्षे जाऊ.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. त्याची जागा हिंदुस्थानी कापसाने घेतली. दर चढले, तसा सावकाराचा हातही सैल झाला. ज्याच्याकडे चार बिघे जमीन आहे त्याला मागेल तितके कर्ज मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले. अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात आला, दर कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमीनमहसुलाच्या मुदती संपून नवी आकारणी होत होती आणि अनेक तालुक्यांत सारा भरमसाट वाढवण्यात आला. सरकारी हप्ता रोख भरायचा, पीक पडत्या भावाने विकायचे आणि मधली तूट सावकाराकडून भरून काढायची. पण सावकारानेही नवे कर्ज देणे थांबवून जुन्याची वसुली सुरू केली.

वसुलीचे साधन सरकारनेच त्याच्या हाती दिले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. उद्देश चांगला होता : व्याज वर्षानुवर्षे साचू नये. प्रत्यक्षात घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज हे नव्या रोख्याचे मुद्दल होई आणि त्यावर व्याज पुन्हा पहिल्यापासून धावू लागे. कुणब्याने खाली अंगठा उठवला, की मागचा सारा हिशेब पुसला गेला. दिवाणी न्यायालय फक्त समोरचा रोखा पाही. त्याच्या पोटात किती जुने रोखे गडप झाले आहेत, याची चौकशी करणे त्याचे काम नव्हते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. तिथून ही आग पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरली. नगरकडे श्रीगोंदे, पारनेर, कर्जत आणि खुद्द नगर या तालुक्यांत ती भडकली. इतिहासात तिला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दंगे म्हटले की रक्तपात डोळ्यांसमोर येतो. इथे तो फारच थोडा झाला. जमाव मागत होता कागद. रोखे आणि वह्या हाती दिल्या की बहुतेक ठिकाणी तो माघारी फिरे. दिल्या नाहीत तर घर पेटे. गावाच्या मध्यभागी खतांच्या होळ्या झाल्या.

रोष मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. गावातच सावकारी करणारे ब्राह्मण आणि इतर सावकार पुष्कळदा वाचले. ही नोंद चौकशी आयोगाच्या कागदपत्रांतच आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. कर्जाची पद्धत सर्वांची सारखीच होती. पण परका माणूस शत्रू म्हणून ओळखणे सोपे होते. पडद्यावर पुढे जे घडले त्याचे बीज इथे आहे.

आयोगाचा अहवाल झाला, तो ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि सारावाढीला दोष देण्याचे त्याने कटाक्षाने टाळले. सरकारी आकारणी निर्दोष, दोषी तो सावकार, असा त्याचा एकंदर सूर. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला; म्हणजे पाथर्डीच्या परिसरालाही. त्या कायद्यातील एक तरतूद खरोखर धाडसी होती. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला. खते गाव-निबंधकासमोर नोंदवणे आवश्यक झाले, सावकाराने पावती देणे बंधनकारक झाले आणि कर्जापायी होणारी कैद रद्द झाली.

सावकारांनी वाट काढलीच. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी ठेवायचे, ही पद्धत रुळली. कर्ज असेल तर न्यायालय त्याचा इतिहास तपासणार. विक्रीच असेल तर तपासणार काय?

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे ‘सावकारी पाश’चे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही दिसू लागतात. बळ हे, की आपटे आणि पेंटर यांनी कथेच्या केंद्रस्थानी कागद ठेवला. घोड्यावरचा दरोडेखोर नाही, जुलमी राजा नाही, एक दस्तऐवज. १८७५ च्या कुणब्यांनी ज्याची होळी केली, नेमकी तीच वस्तू. मर्यादा ही, की तो कागद खोटा आहे. कथेतल्या सावकाराला बनावट करावी लागते. इतिहासातल्या सावकाराला तिची गरज क्वचितच पडत असे. त्याची खते खरी होती, अंगठे खरे होते, हुकूमनामे खरे होते. ज्या कायद्याने ती खते जन्माला घातली, त्याच कायद्याने जमिनीचा लिलाव केला. खोट्या कागदाविरुद्ध निदान दाद मागता येते. खऱ्या कागदाविरुद्ध शेतकऱ्याला बोलायला जागाच नव्हती.

मूकपटाचे इंग्रजी नावही याच दिशेने बोट दाखवते : ‘द इंडियन शायलॉक’. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला शायलॉक हादेखील रोख्यावर अडून बसलेला परका सावकार. तिथे न्यायालय रोख्याचा शब्दशः अर्थ लावते आणि ऋणको वाचतो : मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये. दख्खनच्या कुणब्याचे दैव नेमके उलटे होते. रोख्याचा शब्दशः अर्थ लावला की तो बुडे. शब्दांच्या मागे गेले तरच त्याला आशा. एका नाटकातील न्याय दुसऱ्या देशात अन्याय कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. नाव देणाऱ्याला हे अभिप्रेत नसावे. पण ते नाव वाचताना १८७९ चा कायदा आठवल्यावाचून राहत नाही.

खलनायक उभा करणे ही पडद्याची गरज असते. कादंबरीला पाच पाने खर्चून चक्रवाढीचा हिशेब मांडता येतो. मूकपटाला चेहरा हवा, डोळे हवेत, हातातली लेखणी हवी. म्हणूनच ‘सावकारी पाश’पासून ‘मदर इंडिया’तल्या (१९५७) सुखीलालापर्यंत भारतीय पडद्यावरचा सावकार हा बहुधा लोभी, लंपट, अंगविक्षेप करणारा माणूस राहिला आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले कोर्ट, कलेक्टर कचेरी व कापसाचा जागतिक बाजार फ्रेमच्या बाहेर राहिले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) मध्ये हा दोष बराच कमी आहे. तिथे जमीन हवी आहे ती कारखान्यासाठी, कोर्टातील हिशेब पडद्यावर दिसतो आणि शेतकरी कलकत्त्यात रिक्षा ओढतो. तरीही गाव, कागद, शहर हा क्रम तोच. कोल्हापूरच्या मूकपटाने अठ्ठावीस वर्षे आधी तो आखला होता.

१९२५ चा मूकपट आज पाहायला मिळत नाही. भारतात मूकपटांच्या काळात निर्माण झालेल्या हजारावर चित्रपटांपैकी अगदी मूठभरच उरले. नायट्रेटची फिल्म एक तर जळाली, नाही तर कुजली. पेंटरांना मात्र या कथेने सोडले नव्हते. १९३६ साली त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा केला. निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी या बोलपटाविषयी जी आठवण नोंदवली आहे, ती एका दृश्याची आहे. दुरून दिसणारी एक उदास झोपडी, जवळजवळ अंधारच, आणि त्या शांततेत फक्त कुत्र्याचे रडणे. बोलपट नवा होता, सगळीकडे गाण्यांचा सुकाळ होता आणि पेंटरांनी ध्वनीचा उपयोग केला तो गाव सोडून गेलेल्या माणसाची पोकळी ऐकवण्यासाठी. कादंबरीला हे करता आले नसते. रूपांतराने मूळ कथेत काही भर घातली असेल, तर ती इथे.

नारायण हरींकडे परत येऊ, कारण त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी अजून बाकी आहे. ‘प्रभात’ने त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून १९३४ साली ‘अमृतमंथन’ केला; तो राजा आणि राजगुरू यांच्या संघर्षाचा, यज्ञातील बळींचा, भव्य नेपथ्याचा चित्रपट. त्याविषयी इथे अधिक सांगण्याचे कारण नाही. १९२३ च्या ‘न पटणारी गोष्ट’वरून १९३७ साली आलेला ‘कुंकू’ मात्र ‘सावकारी पाश’चा सख्खा भाऊ आहे, हे सहसा कोणी म्हणत नाही.

नीरा ही अनाथ तरुणी मामाच्या घरी वाढते. मामा पैसे घेतो आणि तिचे लग्न फसवून एका वृद्ध विधुराशी, काकासाहेबांशी, लावून देतो. नीरा त्यांना पती म्हणून स्वीकारण्याचे साफ नाकारते. शांता आपटे नीरा झाल्या, केशवराव दाते काकासाहेब, राजा नेने त्यांचा आगाऊ मुलगा आणि शकुंतला परांजपे सुशिक्षित मुलगी. शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळले. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरून येणारे सूर यांवरच चित्रपट तोलला. पटकथा खुद्द आपट्यांची. हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने निघाली.

बाला-जरठ विवाह हा विषय मराठीला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे वय किमान चौदा असावे असे ठरवले; पण नवऱ्याचे वय साठ असू नये, असे काही म्हटले नाही. नीराचे लग्न कायद्याने निर्दोष होते. इथेही तेच : व्यवहार खरा, मंत्र खरे, साक्षीदार खरे. आपट्यांनी ‘सावकारी पाश’मध्ये जे सोडून दिले होते, ते ‘कुंकू’मध्ये त्यांना सापडले. जे सर्वार्थाने कायदेशीर आहे, ते अन्याय्य असू शकते. खोट्या खताची गरज उरली नाही.

काकासाहेब पेशाने वकील आहेत, म्हणजे कागदाचाच माणूस. अखेरीस आपल्या हातून काय घडले हे त्यांना उमगते. पडद्यावर हा बदल दात्यांनी इतक्या संयमाने दाखवला आहे, की प्रेक्षकाला त्या म्हाताऱ्याची कणव येते आणि आपल्याला कणव आली याचा थोडा रागही येतो. ते नीराचे कुंकू पुसतात, एक पत्र लिहून ठेवतात आणि जीवन संपवतात. पत्रात तिला पुन्हा लग्न करण्याचे सांगणे आहे. सावकाराचा कागद माणसाला बांधतो. वकिलाचे पत्र सोडवते. मात्र सोडवणाराही तोच, ज्याने बांधून घेतले होते. नीराची सुटका तिच्या झगड्याने होत नाही, पुरुषाच्या पश्चात्तापाने होते. हा ‘कुंकू’चा कच्चा दुवा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. तरी १९३७ साली पडद्यावरची नायिका दीड-दोन तास सतत ‘नाही’ म्हणत राहते, ही गोष्ट लहान नव्हे.

इथे नगर जिल्ह्याचा एक वेगळाच धागा जोडावा लागतो. कारण कुणबी, कागद आणि दुष्काळ हा विषय कादंबरीत पहिल्याने आणला तो कोल्हापूरच्या किंवा कोरेगावच्या लेखकाने नव्हे. सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांची ‘बळीबा पाटील’ ही १८७७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी १८८८ साली ‘दीनमित्र’ मासिकातून प्रसिद्ध झाली. मराठीतील ग्रामीण कादंबरीचा आरंभ अनेक अभ्यासक तिच्यापासून धरतात. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील नगर जिल्ह्यात दत्तक आले आणि १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ पुन्हा सुरू केले. नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून हे पत्र अनेक दशके निघत राहिले. १९६७ साली मुकुंदरावांच्या निधनापर्यंत ते चालले. खेड्यातून, खेड्यासाठी, तेही सलग इतकी वर्षे.

मुकुंदरावांनी कादंबऱ्याही लिहिल्या. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्यांचे ओवीबद्ध, पोथीच्या थाटाचे उपहासकाव्य विशेष गाजले. त्याचे लक्ष्य कोण? गावचा कुलकर्णी : ज्याच्या दप्तरात गावाची सगळी अक्षरे बंदिस्त होती. सावकार पैसे देई. पण खत लिहिले जाई लेखणी चालवणाऱ्याच्या हातून. मुकुंदरावांनी बोट ठेवले ते थेट तिथे. पडद्याने सावकाराला खलनायक केले, लेखणीवाल्याला बहुधा सोडून दिले.

या बाप-लेकांच्या कादंबऱ्या चित्रपटसृष्टीच्या वाटेला आल्या नाहीत आणि यात नवल वाटण्यासारखे थोडेच आहे. कोल्हापूर आणि पुण्याच्या स्टुडिओंचा लेखकांशी संबंध होता तो शहरी मासिके, नाटक कंपन्या आणि पुस्तकविक्रेते यांच्या वर्तुळातून. नारायण हरी या वर्तुळाचे लाडके लेखक. त्यांच्या कादंबऱ्या मध्यमवर्गीय घरांतून वाचल्या जात. ‘दीनमित्र’चा वाचक त्या वर्तुळाबाहेर, बैलगाडीच्या वाटेवर होता. कोणती कादंबरी पडद्यावर जाणार, हे तिच्या गुणांइतकेच ती कोणाच्या टेबलावर पडलेली आहे यावर ठरते. ‘सावकारी पाश’ चांगला होता म्हणून त्याचे श्रेय कमी होत नाही. पण ज्या पठारावर खते जळली, त्या पठाराने स्वतः लिहिलेली कथा न चित्रित होता राहिली, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे.

पुढच्या काळात मराठी कादंबरीतला कोरडवाहू माणूस पडद्यावर अधूनमधून आला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीची. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरे घेऊन वाडी सोडतात. अमोल पालेकरांनी १९९५ साली तिच्यावर चित्रपट केला. या कथेत सावकार नाही, खलनायकच नाही. पाऊस येत नाही, एवढेच. आणि म्हणूनच ओस पडलेली वाडी अधिक काळ डोळ्यांसमोर राहते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि नंतर त्यावर त्याच नावाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यातला शेतकऱ्याचा मुलगा शिकलेला आहे. त्याला प्रत्येक कागद वाचता येतो. १९२५ च्या नायकाला जे हवे होते ते त्याला मिळाले आहे, आणि तरीही शेत तोट्यातच आहे.

आता पुन्हा पाथर्डी. ‘सावकारी पाश’ पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२६ साली, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भंडारदरा धरण पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. सहकाराची ही चळवळ मूळची सावकाराला पर्याय म्हणून जन्मलेली; १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा शेतकऱ्याला खताच्या फासातून सोडवण्यासाठीच आला होता. उत्तर नगरच्या बागायतदाराला त्याने सोडवलेही. पूर्वेचा, गर्भगिरीच्या उतारावरचा पाथर्डीचा भाग पाण्यावाचून राहिला. तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना झाला, तरी बहुसंख्य कोरडवाहू कुटुंबांच्या वाट्याला उसाचे पीक आले नाही, उसाची तोडणी आली. सावकाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या साखरेच्या व्यवस्थेतच उचलीचा नवा रोखा तयार झाला.

या रोख्याची रचना १८५९ नंतरच्या खतासारखीच आहे : बाकी पुढे ओढायची आणि नव्या रकमेत मिसळायची. फरक एवढाच, की इथे तारण म्हणून जमीन नाही. तारण आहे येणाऱ्या हंगामातले दोन माणसांचे श्रम. मुकादमही खलनायकाच्या साच्यात बसत नाही. तो बहुधा याच गावातला, कधी भावकीतला; कारखान्याच्या वाहतूकदाराकडून त्यानेही पैसे उचललेले असतात आणि टोळीतला एखादा कोयता पळाला तर तोच बुडतो. पटकथाकाराला अडचणीत टाकणारा असा हा माणूस आहे. त्याला झुंजारराव पवारांसारखे डोळे वटारून भागणार नाही.

कोल्हापूरच्या फडालगत, पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपींत, पाथर्डीची माणसे थंडी काढतात. पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. गावाकडच्या घराला कुलूप असते. म्हातारी माणसे आणि एखादे कुत्रे मागे राहते. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तेव्हा टोळ्या परतू लागलेल्या असतात. नारळ फुटतो, रेवडी वाटली जाते आणि त्याच दिवसांत मुकादमाच्या ओट्यावर वही उघडते. किती टन झाले, किती खाडे पडले, किती फिटले. जे फिटले नाही, ते त्याच वहीत पुढच्या पानावर, वरच्या ओळीत उतरवून घेतले जाते.